मोगली एरंड लावायच्या आधी हे वाच
भावा, दोन एकर मोगली एरंडाचं (म्हणजे जट्रोफा, ज्याच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करतात) विचारतोयस म्हणून सांगतो, रोपं लगेच बुक करू नको. २००९ च्या जैवइंधन धोरणात सरकारने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं टार्गेट ठेवलं होतं, त्या हवेत आम्ही पण माळावर लावला, रोपं देणारा बायबॅक बायबॅक (म्हणजे बी मीच परत विकत घेतो) करत होता आणि बी हातात आलं तर त्याचा फोनच बंद. झाड कमी पाण्यावर जगतं हे खरंय, पण जगणं वेगळं न बी धरणं वेगळं! तीन-चार वर्षं थांबायचं, मग एकाच घोसात हिरवी, पिवळी, काळी फळं, म्हणजे परत परत तोडणी, सगळं मजुरीतच जातं. बियात तेल ३० टक्क्यांच्या आसपास असतं पण घाण्यावर तेवढं निघत नाही, आणि पेंड विषारी, गुरांना चालत नाही, फारतर खताला. (पोरांना बियांपासून लांब ठेव, खाल्ल्या की उलट्या.) त्यापेक्षा बांधावर करंज लाव, सावली देतो, तेल पण आहे, पेंड शेतात टाकता येते, फक्त धीर पाहिजे. चांगल्या रानात सोयाबीनच राहू दे. आणि बी घेणारा कोण, किती लांब, भाव लेखी देतो का ते आधी बघ, गाडीभाडं धरून.