इलेक्ट्रॉनिक पिपेट मागण्याआधी टिपा बदलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर लॅबमध्ये पिपेटने (द्रव मोजून घ्यायच्या उपकरणाने) एलायझा या रक्तचाचणीच्या, बारीक खण असलेल्या प्लेटा लावता, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, घरी डब्याचं झाकण उघडतानाही दुखतं, आणि इलेक्ट्रॉनिक पिपेट मागितलं की साहेब बजेट नाही म्हणतात.

आधी हाताचं बघा. अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ मारली, तर डी क्वेर्व्हेन या अंगठ्याच्या कंडरांच्या दुखण्याची शंका घ्यायची आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. बाम चोळत महिने काढू नका. तिथे कंडरांभोवतीचं आवरण जाड झालेलं असतं, तसंच रेटत राहिलात तर दुखणं वाढतं.

आता पिपेटकडे येऊ. बहुतेकांना वाटतं अंगठा द्रव ओढण्या-सोडण्याने दमतो. पण साध्या पिपेटमध्ये सगळ्यात जास्त जोर टिप, म्हणजे पुढे लावायचं प्लास्टिकचं टोक, उडवताना (काढून टाकताना) लागतो. तो जोर किती, हे टिप कशी बसवली त्यावर ठरतं. दुसऱ्याच कंपनीची स्वस्त टिप नीट बसत नाही, म्हणून आपण बॉक्समध्ये दोनदा ठकठक ठोकतो, वरून जरा पिळतोही. मग तीच टिप काढताना अंगठ्याचा जीव जातो. पिपेटला नीट बसणाऱ्या टिपांचा एकच बॉक्स मागवा, हलक्या दाबाने बसवा आणि एक प्लेट लावून बघा. कॅलिब्रेशनला (माप तपासायला) देताना प्लंजर, म्हणजे अंगठ्याने दाबायचा दांडा, जड झाल्याचंही सांगा. सील झिजलं किंवा पिस्टन कोरडा पडला की दाब वाढतो, आणि रोज तेच पिपेट हातात असल्याने आपल्या लक्षात येत नाही.

दुसरा मुद्दा दाबांच्या संख्येचा. ९६ खणांची प्लेट सिंगल चॅनलने, म्हणजे एका वेळी एकच खण भरणाऱ्या पिपेटने, टिप बदलत लावली, तर प्रत्येक खणाला ओढणं, सोडणं, टिप उडवणं धरून अंगठा २८८ वेळा दाबतो. एकदम आठ खण भरणाऱ्या आठ चॅनलने (मल्टिचॅनलने) हेच ३६ वर येतं. अर्थात आठ टिपा एकदम उडवायला जोर जास्त लागतो, म्हणून मल्टिचॅनल घेताना टिपांचा प्रश्न आणखी महत्त्वाचा. पेशंटचे नमुने सिंगलनेच घालावे लागतील, ते ठीक. पण कॉन्जुगेट, सबस्ट्रेट, स्टॉप सोल्युशन ही किटमधली रसायनं सगळ्या खणांत सारखीच जातात. ती सिंगलने घालत बसणं म्हणजे निव्वळ छळ आहे.

इलेक्ट्रॉनिक घ्यायचंच ठरलं तर एक गोष्ट विचारा: टिप मोटरने उडते की अंगठ्यानेच? बऱ्याच मॉडेलांत मोटर फक्त पिस्टनला असते. वजनही जास्त असतं. विक्रेत्याकडून डेमोला मागवा आणि तुमच्याच टिपा लावून वापरा, कॅटलॉग वाचून घेऊ नका.

पिपेटपेक्षा फुकटात सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. टिपा टाकायचा डबा उंच असेल, तर प्रत्येक टिपेला कोपर खांद्यापर्यंत उचललं जातं. बुटका, रुंद डबा ठेवा. ओट्याखाली किटची खोकी रचलेली असतील तर ती हलवा, कारण गुडघे आत जात नाहीत म्हणून आपण कंबरेतून वाकतो. स्टुलाला पाठ आणि पाय ठेवायला कडं हवं. बायोसेफ्टी कॅबिनेटवर (हवेच्या झोताने जंतू अडवणाऱ्या पेटीवर) बसत असाल तर पुढच्या जाळीवर हात टेकू नका आणि तिथे फोमही चिकटवू नका. हवेचा पडदा तुटतो, मग कॅबिनेटचा उपयोग काय?

साहेबांशी बोलताना दुखण्याने सुरुवात करू नका, डुप्लिकेटने, म्हणजे एकच नमुना दोन खणांत लावतो त्या जोड्यांनी करा. अंगठा दमला की शेवटच्या प्लेटांच्या जोड्या जुळत नाहीत आणि रन पुन्हा लावावा लागतो. तुमच्या रजिस्टरमध्ये असे रिपीट दिवसाच्या कोणत्या वेळचे आहेत ते काढा आणि किटच्या किमतीशी मांडा. सोबत मागणी ठेवा ती टिपांची आणि आठ चॅनलची. ही खरेदी सहज मंजूर होते. इलेक्ट्रॉनिक पुढच्या वर्षी मागा. तोवर दर वीसेक मिनिटांनी पिपेट खाली ठेवून लेबलिंग किंवा एंट्रीचं काम घ्या, आणि ज्याच्याशी जमतं त्याच्याशी प्लेटा वाटून घ्या.