'विपर्यास' आणि 'विपर्यय'

"त्यांनी माझ्या बोलण्याचा विपर्यय केला" हे वाक्य चालेल का, आणि चुकीचे वर्णन म्हणजेच विपर्यास का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर सोपे आहे: तिथे 'विपर्यास'च हवा. वि आणि परि हे उपसर्ग दोन्हीकडे आहेत. मात्र 'विपर्यया'त जाणे या अर्थाचा इ धातू आहे आणि 'विपर्यासा'त फेकणे या अर्थाचा अस्. मराठीत विपर्यय बहुतेक परिभाषेपुरताच उरला आहे. वाराणसीचे बनारस झाले, तो वर्णविपर्यय, म्हणजे शब्दातल्या वर्णांच्या जागांची अदलाबदल.

दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल. चुकीचे वर्णन ही नुसती चूकही असू शकते. विपर्यासासाठी आधी एखादे विधान किंवा घटना असावी लागते आणि सांगताना तिचा अर्थ फिरावा लागतो. आपल्या गोव्यातला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. त्याची तारीख कोणी चुकवली, तर ती चूक. फूल की दोन पाने, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा केंद्रशासित प्रदेश, एवढाच प्रश्न होता. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. हे आकडे बिनचूक देऊनही "लोकांनी मराठी नाकारली" असे जो लिहितो, तो माझ्या मते विपर्यास करतो, कारण भाषा मतपत्रिकेवर नव्हतीच.

तपशील खोटा नसतानाही विपर्यास होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या देवळाच्या महाजनांच्या सभेत "सभामंडपाची तुळई पावसाळ्याआधी काढू नये, छप्पर उघडे पडेल" असे मी म्हणालो होतो. इतिवृत्तात उतरले, "तुळई काढण्यास विरोध." पुढे वर्षभर मी जीर्णोद्धाराचा विरोधक ठरलो! लिहिणाऱ्याच्या मनात काही नसावे; म्हणून मी "विपर्यास झाला" असे म्हणतो, "केला" असे म्हणत नाही. हेतू दाखवायचा असेल तेव्हा "हेतुपुरस्सर विपर्यास" म्हणावे, त्यात द्विरुक्ती नाही.

विपर्यास विधानाचा, भूमिकेचा किंवा घटनेचा होतो, माणसाचा नव्हे. "माझा विपर्यास केला" असे अलीकडे वाचायला मिळते. तिथे "माझ्या म्हणण्याचा" असे लिहावे, आणि खरोखर माणसावरच रोख असेल, तर सरळ बदनामी म्हणावे.