टर्मिनलमधून चालतं, आयकॉनवरून चालत नाही : बॅशआरसीतल्या ओळी जातात कुठे?

भाऊ, तुझी अडचण मला समजली ती अशी. उबुंटूवर एक्लिप्स या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये केळीच्या भावाचा प्रोजेक्ट करतोयस. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनलमधला शेल (बॅश) उघडताना वाचतो त्या फायलीत, व्हेरिएबल म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवलेस. टर्मिनलमधून एक्लिप्स उघडलं की रावेरचे भाव बरोबर दिसतात, डाव्या पट्टीतल्या आयकॉनवर क्लिक केलं की तेच व्हेरिएबल 'नल' (रिकामं) येतं. फैजपूरच्या तुझ्या मित्रांनी उबुंटू पुन्हा टाकायला सांगितलंय. तसलं काही करू नकोस, तुझ्या मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नाही.

कोणत्याही प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, एन्व्हायर्नमेंट (अशा व्हेरिएबलांचा संच) मिळतं ते तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून. बापाकडे जे असेल तेच पोराला मिळणार, आणि पोराने नंतर काही कमावलं तर ते बापाकडे परत जात नाही. टर्मिनलमधून उघडलेल्या एक्लिप्सचा बाप बॅश असतो, आणि बॅशने बॅशआरसी वाचलेली असते. आयकॉनवरून उघडलेल्याचा बाप ग्नोम-शेल (उबुंटूचा डेस्कटॉप) किंवा त्याच्या वरचा सिस्टिमडी (बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा). त्यांनी तुझ्या ओळी पाहिलेल्याच नाहीत. म्हणून 'कोणत्या फायलीत टाकू' याआधी 'हा प्रोग्रॅम कोणी सुरू केला' हे विचारायचं.

आता बॅशआरसी उघड आणि अगदी वरचा भाग वाच. शेल इंटरॲक्टिव्ह नसेल (समोर कोणी कमांड टाइप करत नसेल) तर काहीही करू नका, अशी इंग्रजीत टीप आहे आणि तिच्याखाली एक केस आहे, ज्यात रिटर्न लिहिलंय. डेस्कटॉपच्या लॉगिनच्या वेळी होममधली डॉट-प्रोफाइल फाईल बॅशआरसीला हाक मारते तेव्हासुद्धा बॅश त्या रिटर्नवरूनच मागे फिरतो. तुझ्या एक्स्पोर्टच्या ओळी फायलीच्या तळाशी आहेत, तिथवर तो पोहोचतच नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात, कारण फाईल 'वाचली' जाते असं त्यांनी खात्रीने ऐकलेलं असतं.

त्याच ओळी प्रोफाइलमध्ये टाकल्या तर उबुंटूवर बहुधा काम होतं. पण उद्या तू बॅशऐवजी झेडशेल घेतलास तर तो ही फाईल वाचत नाही, आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. मला पटणारा मार्ग वेगळा आहे. होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात एन्व्हायर्नमेंट-डॉट-डी नावाचं फोल्डर कर आणि त्यात शेवटी डॉट-कॉन्फ असलेली फाईल ठेव. आत फक्त नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. एक्स्पोर्ट लिहायचं नाही, शेलची कमांडही तिथे चालत नाही. ही फाईल तुझा यूजर-सिस्टिमडी (तुझ्या लॉगिनपुरता चालणारा सिस्टिमडी) वाचतो, आणि २०१९ च्या ग्नोम ३.३४ पासून ग्नोमचं सेशन त्याच्याच हाताखाली चालतं, म्हणून आयकॉनपर्यंत किंमत पोहोचते.

ईटीसी फोल्डरातली एन्व्हायर्नमेंट फाईल मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये चुकूनही वापरू नकोस. ती मशीनवरच्या सगळ्यांना लागू होते. शिवाय तिथे डॉलर-पाथ लिहिलंस तर ते उलगडलं जात नाही, तेच अक्षरशः पाथमध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या यादीत) जाऊन बसतं आणि साध्या कमांडसुद्धा सापडेनाशा होतात.

बदल केल्यावर नुसतं एक्लिप्स बंद-चालू करून उपयोग नाही, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन कर. दुसरीकडून एसएसएच सेशन (नेटवर्कवरून केलेलं लॉगिन) चालू असेल तर यूजर-सिस्टिमडी जुनाच जिवंत राहतो. शंका आली तर सरळ रीबूट कर.

आणि अंदाजावर राहू नकोस. आयकॉनवरून एक्लिप्स उघड, पीग्रेप कमांडने त्याचा प्रोसेस नंबर काढ, मग प्रोक फोल्डरात त्या नंबराखालची एन्व्हायर्न फाईल पाहा. ती एका ओळीत गिचमिड दिसते, टीआर कमांडने त्यातल्या शून्य-बाइटच्या जागी नवी ओळ घाल. सुरू होताना त्या प्रोसेसला काय मिळालं ते तिथे स्वच्छ दिसतं.

पासवर्डाबद्दल माझं मत ठाम आहे : तो सगळ्या डेस्कटॉपला देऊ नकोस. ब्राउझरला तुझ्या डेटाबेसचा पासवर्ड कशाला हवा? एक्लिप्सच्या आयकॉनमागची डॉट-डेस्कटॉप फाईल होममधल्या डॉट-लोकल-शेअर-ॲप्लिकेशन्समध्ये कॉपी कर आणि एक्झेक ओळीत (क्लिक केल्यावर काय चालवायचं ते सांगणारी ओळ) एका छोट्या स्क्रिप्टचं नाव पूर्ण पत्त्यासह दे. ती स्क्रिप्ट फक्त तुलाच वाचता येईल अशा फायलीतून पासवर्ड घेईल आणि मगच एक्लिप्स सुरू करेल. डेटाबेसचा पत्ता एन्व्हायर्नमेंट-डॉट-डीमध्ये राहिला तरी चालेल.

एवढं करूनही 'नल' आलं तर एन्व्हायर्नमधलं जे दिसेल ते इथे टाक, पासवर्ड झाकून.