तुमचा प्रश्न, आमचं उत्तर: हजेरीला अडकणारा मुलगा

प्रश्न : मी साताऱ्यात डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करतेय, दुसरं वर्ष. आंतरवासितेला, म्हणजे शिकवण्याच्या सरावाला, कोरेगावजवळच्या झेडपी शाळेत जाते. चौथीतला एक मुलगा हजेरीला 'ह-ह-ह' करत अडकतो आणि पोरं हसतात. मी त्याला 'घाबरू नको, सावकाश बोल' सांगते, कधी शब्द मीच पुरा करते. बरोबरच्या मुली म्हणतात लाजाळू आहे, त्याला प्रश्नच विचारू नको. घरी आजी जिभेला वेखंड लावते. माझं चुकतंय का?
– एक छात्रशिक्षिका

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत हेच मला फार मोलाचं वाटलं, कारण पाठ टाचण, फलक लेखन, निरीक्षण वही या धावपळीत असं मूल सहज नजरेतून सुटतं.

आधी तो लाजाळूपणाचा गैरसमज काढून टाका. अडखळणं भित्रेपणातून येत नाही आणि आईबापांच्या चुकीतूनही नाही, मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव होते तिथला तो फरक आहे, बऱ्याचदा घराण्यातही असतो. भीती नंतर येते, हसणाऱ्यांमुळे. साधारण २ ते ५ वर्षांच्या वयात हे सुरू होतं, शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप सुटतं, पण चौथीपर्यंत टिकलंय म्हटल्यावर आता नुसती वाट बघत बसू नका. वेखंडाने ते जात नाही, पण आजीवर रागवू नका, ती मायेनेच करतेय.

'सावकाश बोल' तुम्ही प्रेमानेच म्हणता, पण मुलाला ऐकू येतं की माझं बोलणं चुकतंय. शब्द पुरा करून दिला की त्याचं बोलणंच आपण हातातून काढून घेतो. त्यापेक्षा थांबा, त्याच्याकडे नेहमीसारखं बघा, तो काय म्हणतोय त्यालाच उत्तर द्या. आणि प्रश्न विचारणं बंद अजिबात करू नका हो, मग वर्गाला वाटतं याला काही येतच नाही, आणि काही दिवसांनी त्यालाही तसंच वाटायला लागतं. उत्तर त्याच्या डोक्यात तयार असतं, तोंडातून निघायला वेळ लागतो एवढंच.

हजेरी महिनाभर सगळ्यांचीच हात वर करून घेऊन बघा, त्याच्या एकट्यासाठी वेगळा नियम नको. कविता सगळ्यांनी मिळून म्हणताना तो बहुतेक अडकणार नाही, एकत्र म्हणताना आणि गाताना बऱ्याच जणांचं अडखळणं गळून पडतं. मिनिटाला किती शब्द वाचले असं मोजून त्याचं वाचन कच्चं मात्र ठरवू नका, मनात वाचायला देऊन अर्थ विचारा. हसणाऱ्या पोरांशी तो समोर नसताना बोला.

वर्गशिक्षकांना सांगून पालकांना बोलवा, गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं केंद्र) विशेष शिक्षकांना कळवा आणि साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये स्पीच थेरपिस्टची चौकशी करा. पण त्याआधी मधल्या सुट्टीत त्यालाच बाजूला घेऊन विचारा की वर्गात तुला कसं विचारलेलं आवडेल, आणि तो सांगेपर्यंत थांबा, कितीही वेळ लागू दे.