डबा भरताना ड्युटी बघा

१२ मे हा परिचारिका दिन. त्यानिमित्तानं या वेळचं प्रश्नोत्तरांचं सदर सांगली, मिरज, सातारा भागातल्या परिचारिकांसाठी राखून ठेवलं आहे. आलेली बरीचशी पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबतात: काय खावं ते कळतं, पण जमत नाही. ते खरंच आहे. दिवसभर पेशंटला पथ्य समजावणाऱ्या बाईला माहिती कमी पडत नाही, तिच्या जेवणाला वेळच ठरलेली नसते. म्हणून इथं पथ्याच्या याद्या दिलेल्या नाहीत. ड्युटी कोणती, मधे किती मिनिटं मिळतात आणि डबा किती तास बाहेर राहतो, एवढं धरून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: माझी नाइट रात्री ८ ते सकाळी ८ असते, सलग चार. घरून जेवून जाते. तरी पहाटे तीनच्या सुमारास सपाटून भूक लागते. मग गेटबाहेरचा वडापाव नाहीतर कपातले नूडल्स, वर दोन कप चहा. सकाळी छातीत जळजळ. रात्री काहीच खाऊ नये का?
– स्टाफ नर्स, मिरज

खावं, पण थोडं, आणि मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी. रात्री पोट सावकाश रिकामं होतं आणि इन्शुलिनचं कामही मंदावतं. त्यामुळं दुपारी सहज पचणारा वडापाव पहाटे साखर जास्त चढवतो आणि पोटात जास्त वेळ पडून राहतो. शिवाय पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. अंगात शिरशिरी येते, डोळे मिटतात, आणि ही मरगळ बऱ्याचदा भूक म्हणून जाणवते. अशा वेळी आधी ग्लासभर पाणी प्या, वॉर्डात एक फेरी मारा. दहा मिनिटांनंतरही भूक असेल तर ती खरी.

वेळापत्रक असं बसवून बघा. संध्याकाळी सात ते साडेसात पोटभर जेवण: दोन ज्वारीच्या भाकरी किंवा तीन चपात्या, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी, काकडी. भात आवडत असेल तर अर्धी वाटी पुरे. औषधांचा राउंड आटोपला की साडेअकरा-बाराला हलकं काहीतरी, एखादं धपाटं किंवा एक चपाती आणि सुकी भाजी. तीन-साडेतीनला मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा वॉर्डाजवळ स्टाफचा फ्रीज असेल तर वाटीभर दही. बाराच्या आसपासचं खाणं चुकवलं की तीनला वडापाव ठरलेलाच. तीनची भूक तिथंच आवरायची असते.

चहाचं गणितही बघा. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच तासांनंतरही जवळजवळ निम्मं अंगात शिल्लक असतं. सकाळी साडेनऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा तीनच्या आत. नंतर घेतलात तर झोप लागेल, पण उथळ लागेल. प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. रात्रीत पाच कप झाले की ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली.

मधुमेह असेल, गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर वरच्या वेळा आपल्या आपण लावू नका. नाइटच्या आठवड्यातल्या डोसच्या वेळा डॉक्टरांकडून वेगळ्या लिहून घ्या.

प्रश्न: खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे, १२ तासांची डे ड्युटी. सलग बसून जेवायला मिळत नाही. मिळाली तर पाच मिनिटं. डबा तसाच परत येतो आणि घरी गेल्यावर समोर दिसेल ते खाते.
– सिस्टर, विटा

तुमचा डबा टेबलावर बसून जेवणाऱ्या माणसाचा आहे. रस्सा भाजी, भाकरी, भात, कोशिंबीर: याला दोन हात, जागा आणि वीस मिनिटं लागतात. तुम्हाला एका हातानं खाता येईल, सांडणार नाही आणि अर्ध्यावर झाकून ठेवता येईल असं हवं. म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी तीन लहान डब्या घ्या.

पहिल्या डबीत धपाटी. सहा धपाट्यांसाठी दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, वाटीभर बारीक चिरलेली मेथी, चमचाभर तीळ, ओवा, तिखट, हळद, मीठ. पाण्याऐवजी चार-पाच मोठे चमचे दही घालून मळा, लागलं तरच पाणी. दह्यामुळं धपाटं दुपारपर्यंत मऊ राहतं. नुसत्या पाण्यात मळलेलं दहाच्या पुढं वातड होतं, आणि वातड घास पाच मिनिटांत चावून होत नाही. कांदा घालू नका. त्याला पाणी सुटतं, आणि मे महिन्याच्या उन्हात वासही लवकर येतो. तव्यावरून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाळीवर निवू द्या. घाईत गरम भरलं की वाफ आत कोंडते, खालचं धपाटं ओलं होतं आणि डबा परत येण्याचं ते एक मोठं कारण ठरतं. दोन धपाटी, मधे शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी पसरून घडी घालून ठेवा.

दुसऱ्या डबीत मोडाच्या मटकीची सुकी उसळ, लिंबू पिळून, चमच्यानं खायला. ही आधी संपवायची. उन्हाळ्यात ओलसर पदार्थ बाहेर चार तासांहून जास्त ठेवू नयेत. उकडलेलं अंडं तर दोन तासांच्या आत खावं, म्हणून अंडी घरीच खाऊन निघा.

तिसरी डबी कोरडी: तीन भाग फुटाणे, दोन भाग भाजलेले शेंगदाणे, एक भाग तासगावचे बेदाणे. एका वेळी ४० ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. सांगलीच्या घरात भडंग असतंच. तेही चालेल, पण चुरमुरे म्हणजे शेवटी तांदूळच, नुसत्या चुरमुऱ्यांनी भूक तासाभरात परत येते. चार वाट्या चुरमुऱ्यांना वाटीभर शेंगदाणे आणि वाटीभर डाळं घाला, तेल दोन मोठ्या चमच्यांवर थांबवा.

प्रथिनांचा अंदाज असू द्या. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४५ ग्रॅम लागतात. दोन अंडी १२, दोन भाकरी ९-१०, वाटीभर उसळ ६-७, मूठभर फुटाणे-शेंगदाणे ८-९, कपभर दूध ६. एवढ्यात जमतं, त्यासाठी महागड्या पावडरीचा डबा आणायची गरज नाही.

दोन गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, तरी घाईत सुटतात. खाण्याआधी हात साबण-पाण्यानंच धुवा. हॅंडरबनं (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणानं) जुलाबाच्या पेशंटकडचे क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. आणि दह्याची वाटी लस-इन्शुलिनच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. तो सारखा उघडला की तापमान २ ते ८ अंशांत टिकत नाही.

प्रश्न: हिमोग्लोबिन ९.६ आलंय. जिने चढताना धाप लागते. रोज गूळ-शेंगदाणे खाते, बीटही खाते, तरी वाढत नाही.
– एएनएम (गावोगाव फिरणारी सहायक परिचारिका), सातारा तालुका

ताई, ९.६ हे नुसत्या खाण्यानं भरून निघणारं नाही. गरोदरपणाचा काळ सोडला तर बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि तुमचा मध्यम प्रकारात मोडतो. तुम्ही गावागावात लोहाच्या गोळ्या वाटता, आता स्वतःसाठी डॉक्टरांकडं जा. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे तुम्ही एकट्या नाही, पण सगळ्यांनाच आहे म्हणून अंगावर काढू नका.

गूळ-शेंगदाण्यांवर आपल्याकडं फार भिस्त आहे. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि गुळाच्या एका खड्यातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. बाजरीची भाकरी, मेथी, हरभऱ्याची भाजी, अळीव, तीळ, मटकी यांतून जास्त मिळतं. मांसाहार चालत असेल तर पंधरवड्यातून एकदा कलेजी (दिवस गेलेले नसतील तर). भाजीतलं लोह अंगी लागायला सी जीवनसत्त्व सोबत लागतं. जेवताना अर्ध्या लिंबाची फोड पिळा, आणि ती गॅस बंद केल्यावर, कारण उकळीत सी जीवनसत्त्व जातं. पेरू किंवा आवळा असेल तर उत्तमच.

तुमच्या बाबतीत आम्हाला चहावर जास्त संशय आहे. प्रत्येक घरी चहा होतो, नाही म्हणवत नाही, आणि तो बऱ्याचदा खाण्याच्या किंवा गोळीच्या मागं-पुढं पडतो. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. जेवण आणि गोळी या दोन्हींपासून चहा किमान तासभर लांब ठेवा. गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. मळमळलं तर ती सोडून देण्याऐवजी थोड्या खाण्याबरोबर घ्या. शौच काळी होईल, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅम वाढ दिसायला हवी. आकडा १२ च्या वर गेला तरी पुढं तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, साठा भरायला. बहुतेक जणी नेमक्या तिथं थांबतात आणि वर्षभरात परत तिथंच येतात.

प्रश्न: लघवीला जायला वेळ मिळत नाही म्हणून ड्युटीत पाणीच पीत नाही. चालेल?
– सिस्टर, सांगली

नाही. जळजळ, डोकेदुखी, मूतखडा, सगळे त्याच वाटेनं येतात. निघताना ३०० मिली, ओव्हर (आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा) घेण्याआधी स्वच्छतागृह, मग दर दोन तासांनी १५०-२०० मिली. पाठोपाठ ढोसायचं नाही. लघवी गडद पिवळी झाली की कमी पडतंय असं समजा. इनचार्ज सिस्टरना एक विनंती: स्वच्छतागृहाला जाण्यासाठी पाच मिनिटांची बदली शेजारच्या बेडच्या सिस्टरनं घ्यायची, हा वॉर्डाचा नियमच करून टाका.

प्रश्न: दर सोमवारी ठरवते, बुधवारी मोडतं. त्यात डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक कंदी पेढ्यांचा बॉक्स ठेवून जातात. मनाचा निग्रह कसा वाढवावा?
– स्टाफ नर्स, सातारा

सहा पेशंट सांभाळून दमलेल्या माणसाकडं दुपारी चारला निग्रह उरत नाही, आणि तसा तो उरावा अशी अपेक्षाही करू नये. ठरवायचं काम पोट भरलेलं असताना उरकून टाका. ऑफच्या दिवशी पाऊण तास काढा: मटकी भिजत घाला, फुटाणे-शेंगदाण्यांच्या पाच डब्या भरा, एक कोरडी चटणी कुटा. महिन्याचा ड्युटी चार्ट लागला की त्याच्या खालीच लिहा, कोणत्या ड्युटीला कोणता डबा. एका चार्टमध्ये एकच सवय बदला. सगळं एकदम धरलं की बुधवार येतोच.

सवयीला वेळ जोडण्यापेक्षा काम जोडा. ‘साडेअकराला खाईन’ हे इमर्जन्सी आली की कोसळतं. ‘सकाळचे व्हायटल्स (पेशंटचा ताप, नाडी, बीपी) लिहून झाले की पहिली डबी’ हे टिकतं, कारण व्हायटल्स कधीतरी लिहून होतातच. आणि एखादी ड्युटी वाया गेली तर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. भरपाई म्हणून उपाशी राहिलात की त्या रात्री दुप्पट खाल.

पेढे कुणी प्रेमानं दिलेले असतात, ते नाकारू नयेत. पण बॉक्स उघडा टेबलावर राहिला की येता-जाता हात जातो. आल्या आल्या वॉर्डातल्या मावशी, मामा, ब्रदर सगळ्यांना वाटून टाका. तुमचा एक डबीत ठेवा आणि जेवणानंतर खा.

गुरुवारचा उपवास असणाऱ्या दोघींनीही विचारलंय. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे, खिचडीतला शेंगदाण्याचा कूट तेवढा कामाचा. त्यापेक्षा वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही, उकडलेलं रताळं असं जेवा. नाइट असेल त्या दिवशी निर्जळी उपवास नकोच.

प्रश्न: सूनबाई नर्स आहे. नाइट करून साडेआठला येते आणि न खाता झोपते. बाराला जेवायला उठवलं तर चिडचिड करते. मी काय करून ठेवू?
– एक सासूबाई, तासगाव

काकू, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. रिकाम्या पोटी झोपली की अकरा-साडेअकराला भुकेनंच जाग येते आणि झोपेचे तुकडे होतात. ती आली की थोडं, ऊन आणि मऊ द्या: वाटीभर मुगाची खिचडी, नाहीतर मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप. मिसळ, भजी, तिखट रस्सा त्या वेळी नको. चहाही नको, पाहिजे तर कपभर कोमट दूध.

मग मात्र बाराला उठवू नका. तिची ती मध्यरात्र आहे. कुकरच्या शिट्ट्या ती यायच्या आत करून घ्या, खोलीला जाड पडदा लावा, दारावरची बेल आणि फोन तुम्ही बघा. तीन-चारला ती आपणहून उठेल, तेव्हा भाकरी, पिठलं, पालेभाजी, दही असं पूर्ण ताट ठेवा. पोळपाट-लाटणं त्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यावं, मुलानं घेतलं तरी चालेल. उठल्यावर तासभर ती उतरत्या उन्हात अंगणात बसली तर बसू द्या. रात्रपाळीवाल्यांना ऊन कमी मिळतं, त्यामुळं डी जीवनसत्त्व कमी पडतं. वर्षातून एकदा तिला ते तपासून घ्यायला सांगा.