गुरुजी, तिनं परीक्षा लपवून का दिली?

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचं चार पानी पत्र आलं आहे. घरी पाच एकर कोरडवाहू जमीन होती. त्यातलं एक एकर रान विकून मुलीला लातूरला नीटच्या क्लासला ठेवलं. पहिल्या वर्षी 388 गुण पडले, रिपीट करून यंदा 431. तिसऱ्यांदा बसवायची गुरुजींची तयारी आहे. पण मुलीनं घरी न सांगता एमएचटी-सीईटी दिली होती. निकाल लागल्यावर ती म्हणाली, मला शाश्वत अन्नव्यवस्था या विषयात शिकायचंय, परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश घेऊन द्या. गुरुजी लिहितात, "शेतातून बाहेर काढायला आम्ही रक्ताचं पाणी केलं आणि ही परत ढेकळं तुडवायला निघाली. मॅडम, तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा."

गुरुजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. 431 गुणांचं काय होतं आणि काय होत नाही, ते लातूरच्या क्लासवाल्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल, त्यात मी भर घालत नाही. मला अडकवलं ते तिसऱ्या पानावरच्या वाक्यानं: "तिनं आमचा विश्वासघात केला." फॉर्मचे पैसे मावशीकडून घेतले, केंद्रावर मैत्रिणीच्या भावाबरोबर गेली, आल्यावर अवाक्षर काढलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

पोरं घरात चुका लपवतात. तुमच्या मुलीनं परीक्षा लपवली. अभ्यास करून, वेळेवर जाऊन, चांगले गुण मिळवून लपवली. तुम्ही वीस-पंचवीस वर्षं वर्गात उभे आहात. एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं, तर तुम्ही त्याच्या बापाला बोलावून काय विचारलं असतं? घरात याला बोलायची सोय आहे का, हेच विचारलं असतं. तेच मी तुम्हाला विचारते आहे.

दुसरी गोष्ट. विकलेल्या त्या एक एकराचा उल्लेख पत्रात पाच वेळा आला आहे. मी मोजला. चार पानांत पाच वेळा, तर दोन वर्षांत घरात किती वेळा झाला असेल? रान विकायचा निर्णय तुमचा होता आणि तो मायेपोटी घेतला होता, याबद्दल मला शंका नाही. पण ते रान तिनं मागितलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तुम्ही जमिनीचा तुकडा ठेवलाय, आणि तो घेऊन तिनं जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न सोडवावेत अशी अपेक्षा करताय.

"आठ दिवस झाले, नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही," हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि पुढं कटऑफवर गेलात. गुरुजी, ती ओळ पत्रात सगळ्यात वर हवी होती. लातूरमधल्या रिपीटर मुलींच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. पलंग, भिंतीवर वेळापत्रक, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, आणि दाराशी मेसचा डबा. परत न्यायला ठेवलेला तो डबा उचलून बघावा. जड लागला तर त्या खोलीत काहीतरी बिनसलंय, हे मी अनुभवानं शिकले. आणखी काही दिवस ती अशीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तिनं फोन केला तरी चालेल, तुम्ही केला तरी चालेल. हे आधी. परभणी की लातूर, ते नंतर.

तिसऱ्यांदा नीटला बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला स्वतःला बसायचं असतं तर मी वेगळं बोलले असते. इथं बसायची इच्छा फक्त तुमची दिसते.

आता ढेकळांकडं येते. अन्नव्यवस्था शिकायची म्हणजे शेती करायला शिकायचं, फार तर सेंद्रिय शेती, असा तुमचा समज झालाय. "शेतकऱ्याच्या पोरीला शेती शिकायला विद्यापीठ कशाला?" असंही तुम्ही विचारलंय. उत्तर तुमच्याच शाळेत आहे. रोज खिचडी शिजली की पोरांना वाढण्याआधी चव घेतली जाते, वहीत नोंद होते. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागं 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. धाकट्यांच्या ताटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं पडायला हवीत, थोरल्यांच्या 700 आणि 20. हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत, त्यासाठी शिकलेली माणसं बसलेली असतात. अंडं द्यायचं की केळं, यावर राज्यात केवढा वाद झाला, तो तुम्ही पाहिलात. बरं, तांदूळ येतो बाहेरून. तुमच्या शिवारात पिकते ज्वारी, तूर, हरभरा. मग पातेल्यात ज्वारी का नाही? दोनशे पोरांना भाकरी थापायच्या कुणी? भाकरीऐवजी ज्वारीचा रवा चालेल का, तो किती दिवस टिकेल, पोरं खातील का? सोयाबीन सोडून ज्वारी पेरावी असा भाव शेतकऱ्याला कोण देईल? आणि ज्वारी गेल्यावर गावाचं काय झालं तेही बघा: ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दारातली म्हैस गेली, आणि आता चहाला पिशवीतलं दूध लागतं. बियाणं, पाणी, साठवण, प्रक्रिया, बाजार, रेशन, ताट आणि ताटात उरलेलं अन्न, हे सगळं एका धाग्यात बघणं म्हणजे अन्नव्यवस्था. जमिनीचा कस टिकावा, विहिरीला पाणी राहावं, पिकवणाऱ्याच्या हातात दोन पैसे पडावेत आणि खाणाऱ्याच्या अंगी लागावं, हे सगळं साधलं तर ती शाश्वत. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा तुमची मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. त्याच मराठवाड्यात तेव्हा ऊसही उभा होता. तिला हा विषय कुठून सुचला, याचं मला तरी नवल वाटत नाही.

"डॉक्टर होऊन तिनं लोकांची सेवा केली असती," असं तुम्ही म्हणता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांना लोहाच्या गोळ्या डॉक्टर लिहून देतात. आणि जास्त लोह, जास्त जस्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण 2018 साली आपल्याच परभणीच्या विद्यापीठानं प्रसारित केला, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या संशोधनातून आलेला. ती भाकरी खाणाऱ्या बाईच्या दृष्टीनं ही सेवा कमी म्हणता येईल का?

आणखी एक सांगते, कारण ते तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर धाराशिव-लातूरकडच्या बायकांनी घरच्यांकडून एकरभर रान मागून घेतलं आणि त्यात विकायच्या पिकाऐवजी घरात खायला लागेल असं धान्य, डाळी, भाजीपाला लावला. दुष्काळात ते घराला पुरलं. या संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा कामाला गावातल्या बायका लागतात, तशीच माती, पोषण आणि बाजार यांचं शास्त्र शिकलेली माणसंही लागतात.

यापुढचं मुलीला वाचायला द्या, कारण तिलाही थोडं सुनवायचं आहे.

बाळा, विषय चांगला निवडलास. पण 'सस्टेनेबल' हा शब्द नावात आहे म्हणून कुठल्याही महागड्या खासगी विद्यापीठाच्या जाहिरातीला भुलू नकोस. अशा पदव्यांचं शुल्क लाखांत असतं. बाबांना दुसरं एकर विकायला लावू नकोस. पहिली पदवी ठोस विषयात घे, अन्नव्यवस्थेचा मोठा पट पदव्युत्तर शिक्षणात उलगडू दे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी आहे, अन्नतंत्रज्ञान आहे, पोषण शिकवणारं सामुदायिक विज्ञान आहे. तू गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलंयस, म्हणून मी अन्नतंत्रज्ञान सुचवेन. धान्य साठवणं, टिकवणं, त्याची तपासणी करणं हे हातात असलं की कुठल्याही टेबलावर तुझं म्हणणं ऐकलं जातं. शेतमाल विकायला गेलं की ओलावा मोजतात ना, सोयाबीनला 12 टक्क्यांची अट लावतात ना? ती अट का, ओलं धान्य साठवलं तर बुरशी कशी धरते, आणि गावातच वाळवायची सोय केली तर किती माल परत यायचा वाचेल, हे तुझ्या शिवारातल्या लोकांना समजावून सांगणारं कुणी नाही. तिथं तू हवीस. आणि हेही ऐक, की हे काम गोदामातल्या धुळीत, हिशोबाच्या वहीत आणि माणसांशी डोकं लावण्यात जातं. निसर्ग, हिरवळ, चित्रं काढल्यासारखं गाव, असलं काही मनात असेल तर ते आताच काढून टाक.

प्रवेशाचं एका ओळीत: राज्यातल्या कृषी विद्यापीठांना तुझी सीईटी चालते, देशभरातल्या आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, जागांना सीयूईटी ही केंद्रीय प्रवेश परीक्षा लागते, हरियाणातल्या निफ्टेम या अन्नतंत्रज्ञान संस्थेला जेईई मेन, कोणत्या गटाचे गुण कुठं धरतात ते माहितीपुस्तिकेत बघून घे. पदवीनंतर तुळजापूरला, म्हणजे घरापासून बसच्या अंतरावर, टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. ग्रामीण विकासावर तिथं देशभरातली मुलं येऊन शिकतात आणि आपली मुलं देवीचं दर्शन घेऊन परत येतात, याचं मला वाईट वाटतं. आणंदला ग्रामीण व्यवस्थापन आहे, म्हैसूरला सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञान संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. नेदरलँड्समधलं वाखेनिंगन विद्यापीठ याच विषयांसाठी जगभर ओळखलं जातं. पण तिकडं जायचं तर दोन-तीन वर्षं काम करून, शिष्यवृत्ती शोधून जा. कर्ज काढून पदवीनंतर लगेच पळू नकोस.

गुरुजी, आता पोटापाण्याचं, कारण ती काळजी खरी आहे. अन्नतंत्रज्ञान किंवा कृषीच्या पदवीवर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला अर्ज करता येतो, बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी परीक्षेला बसता येतं. प्रक्रिया उद्योगांत गुणवत्ता तपासणीची माणसं कायम लागतात. केंद्राच्या 2020 च्या योजनेपासून गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच कागदावरच राहिल्या. जिथं चालवणारा माणूस धड मिळाला, तिथं डाळ पॉलिश होऊन पाकिटात गेली. शिवाय पोषण, पाणी आणि हवामान यांवर काम करणाऱ्या संस्था आणि जागतिक बँकेच्या मदतीनं चालणारे, पोकरासारखे हवामान-अनुकूल शेतीचे सरकारी प्रकल्प आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे लपवत नाही. पहिली तीन-चार वर्षं शेजारच्या इंजिनिअरशी तुलना केलीत तर तुम्हालाच त्रास होईल. तिच्या कामाचा दर अनुभवानं वाढतो, आणि ते व्हायला वेळ जातो.

"पाहुण्यांना काय सांगायचं, मुलगी काय करते?" हा शेवटच्या पानावरचा प्रश्न मला आवडला नाही. अन्नतंत्रज्ञानाची बीटेक करते, असं सांगा. ज्या पाहुण्यांना ते पुरणार नाही, त्यांच्या घरी मुलगी द्यायची नाही.

तुम्ही मला तिला समजावायला सांगितलं होतंत. ते मी करणार नाही. त्याऐवजी एक दिवस रजा टाका आणि परळीमार्गे तिला घेऊन परभणीला जा. अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयात प्रयोगशाळा दाखवा म्हणून विनंती करा, वसतिगृह बघा, एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी तिला एकटीला बोलू द्या. तिथं प्रश्न तिनं विचारायचे, तुम्ही पिशवी धरायची. जाताना-येताना त्या एकराचा विषय काढू नका. वाटेत कुठं जेवायला थांबलात तर तिला विचारा, आपल्या शाळेची खिचडी तुझ्या हातात दिली तर काय बदलशील? आणि ती बोलेल तेवढा वेळ मध्ये पडू नका.

पुढचं पत्र तिच्या हातचं पाठवा. तुम्ही आधी वाचायचं नाही.