पहिली कादंबरी कोणती घेऊ?

अरे, जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करू नकोस, एवढं माझं ऐक. पहिली कादंबरी हातात घे ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. 1955 सालची, आणि दोन रात्रींत संपेल एवढीच. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळेत मुलंच नाहीत, आणि गावाचा म्हातारा कारभारी त्याला हळूहळू आपलासा करतो. पुढे सगळी वाडी मिळून तालीम बांधते. ते सगळं वाचताना मेंढरांचा वास येतो बघ! आणि शेवटी दुष्काळ पडतो... ते नाही सांगत. मी दर उन्हाळ्यात ती पुन्हा काढतो, आणि कारभाऱ्याच्या पानांवर दर वेळी थांबतो.

मग विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घे. 1939 ची आहे, पण भाषा अजून ताजी वाटते. बोटीवरचा प्रवास, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टाचं प्रेम. रुमाल जवळ ठेव.

‘कोसला’ कॉलेजात असतानाच वाच. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, हॉस्टेलवर राहतो. तू आत्ता तेच करतो आहेस. पहिली वीस पानं विचित्र वाटतील, सोडू नकोस.

‘मृत्युंजय’ दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेव. तिथे कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषालीही आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळे सलग दिवस लागतात.

‘बनगरवाडी’ची माझी प्रत रविवारी घेऊन जा.